एका चित्राची तीन घरे

जयपूरच्या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात काचेच्या जवळजवळ दोन हजार प्लेटा जपून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक प्लेटेवर एकेक उलटे चित्र आहे. जिथे उजेड असावयाचा तिथे काळोख आणि जिथे काळोख तिथे उजेड. ही चित्रे टिपली महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी. रामसिंह अगदी लहानपणी, १८३५ साली गादीवर आले आणि १८८० मध्ये वारले. मधल्या काळात त्यांनी शहरात पुष्कळ सुधारणा केल्या. रामनिवास बाग ही त्यांचीच. परंतु राज्यकारभारातून वेळ काढून त्यांनी जो एक नाद जन्मभर जोपासला, तो छायाचित्रणाचा. १८६४ च्या सुमारास टी. मरे नावाचा इंग्रज छायाचित्रकार जयपुरास आला, त्याच्यापासून त्यांनी या कलेचे बारकावे उचलले. पुढे ते बंगालच्या छायाचित्रण-संस्थेचे सभासदही झाले.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे एक लहानसा यज्ञच होता. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, ती काच अंधाऱ्या खोलीत चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची, आणि चित्र टिपून झाल्याबरोबर वाळण्यापूर्वी ती रसायनांत धुऊन काढावयाची. हा सारा व्यवहार दहापंधरा मिनिटांत उरकावा लागे. जयपूरच्या उन्हाळ्यात तर याहूनही घाई होत असली पाहिजे. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेली ही रीत एका राजाने राजपुतान्यात आपल्या हाताने चालवावी, यातच त्यांची हौस किती खरी होती हे दिसते. त्यांनी दरबारी माणसे टिपली, शहरातील इमारती टिपल्या, जनान्यातील स्त्रिया टिपल्या, आणि रुद्राक्षमाळा घालून पूजेला बसलेले शिवभक्त म्हणून स्वतःलाही टिपले. राजवाड्याची ऐट क्षणभर बाजूला ठेवली तर हा संग्रह म्हणजे एका कुटुंबाचा आल्बमच म्हणावा लागेल.

राजे गेल्यावर या प्लेटा राजवाड्यात पडून राहिल्या. पुढे १९५९ मध्ये राजवाड्यात वस्तुसंग्रहालय निघाले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्रहालयाचे यदुएंद्र सहाय यांनी या काचांचा कसून अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांचे या छायाचित्रकार राजावरील पुस्तक निघाले. शंभर वर्षे काच काचेच्या जागी राहिली, हवा कोरडी होती, उचलाउचल फारशी झाली नाही, आणि मुख्य म्हणजे घर बदलले नाही. इतक्या गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. तुमच्याआमच्या घरी त्यांतील एकही जुळण्याची खात्री नाही.

आपल्या घरी काय आहे? एखाद्या मुंजीला आलेला कॉलेजातील पुतण्या संध्याकाळपर्यंत सहज तीनशे छायाचित्रे टिपतो. गणपतीचे दहा दिवस, एक बारसे, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, एक कोकणची सहल, एवढ्यात रामसिंहांच्या साऱ्या काचांइतकी चित्रे घरात जमा होतात. पण ती राहतात कोठे? एका सदऱ्याच्या खिशात. ज्या वस्तूला आपण दिवसातून शंभरदा हाताळतो, जी रिक्षात विसरते, पावसात भिजते, बेसिनमध्ये पडते आणि तीन-चार वर्षांनी जुनी म्हणून देऊन टाकली जाते, त्या वस्तूच्या स्वाधीन आपण आपल्या घरातील सर्व मृत माणसांचे चेहरे आणि आवाज करून टाकले आहेत. हे जरा सावकाश विचार करण्यासारखे आहे.

संगणकाच्या जगात राखीव प्रतीला 'बॅकअप' म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यामागची कल्पना छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर याची रीत जाहीर झाली. तिने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फार सुबक चित्र उमटे, पण ते एकुलते एक असे. पत्रा हरवला की चित्र गेले. त्याच सुमारास इंग्लंडात फॉक्स टॅल्बट हा कागदावर उलटे चित्र मिळवून त्यावरून सुलटी चित्रे काढण्याच्या मागे होता, आणि १८४१ मध्ये त्याने त्या रीतीचे हक्क नोंदविले. त्याची चित्रे दागेरच्या चित्रांपुढे अस्पष्ट दिसत. परंतु एका उलट्या चित्रावरून हवी तितकी सुलटी चित्रे निघत. पुढील दीडशे वर्षे जग टॅल्बटच्या वाटेने गेले. सुबकपणापेक्षा प्रती निघणे मोलाचे ठरले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत जे सोसले आहे तेही सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. चार रिळांचा हा चित्रपट. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातील पहिले आणि शेवटचे एवढी दोनच रिळे आहेत, आणि ती तरी १९१३ मधील मूळ चित्रपटाची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, असा अभ्यासकांत वाद आहे. १९३१ मधील पहिला बोलपट 'आलम आरा' याची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत नायट्रेट नावाच्या द्रव्याची असे. ती कालांतराने आपोआप कुजते, आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही. हे चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले तोवर पहिल्या पिढीतील पुष्कळसे चित्रपट नाहीसे झालेले होते. आणि जे उरले होते त्यांच्याही नायट्रेटच्या मूळ फिती जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांत प्रभातच्या फिती होत्या. तरी प्रभातचा 'संत तुकाराम' आपण आजही पाहू शकतो, याचे कारण एवढेच की त्याच्या प्रती दुसऱ्या फितीवर उतरवून ठेवलेल्या होत्या. आगीने मूळ वस्तू नेली, पण चित्रपट तिला नेता आला नाही.

घरगुती चित्रफितींची कथा याहून निराळी नाही. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत ज्यांची लग्ने झाली, त्यांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर एक काळी कॅसेट असेल. ती कॅसेट पाहावयाचे यंत्र मात्र घरात नसेल. असे यंत्र करणारा जगातील शेवटचा मोठा कारखाना जपानमधील फुनाई कंपनीचा होता. त्यानेही २०१६ च्या जुलैत हे काम थांबविले. फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेत सुटू लागतो, कोकणात आणि मुंबईत तिच्यावर बुरशी धरते. अशी कॅसेट घरी असलेल्या श्रोत्यांनी ती येत्या काही महिन्यांतच एखाद्या जाणत्या दुकानदाराकडून संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवून घेतल्यावर मूळ कॅसेट फेकू नये. आणि बुरशी दिसत असेल तर घरच्या कोणा जुन्या यंत्रात ती घालून 'चालते का' हे पाहण्याचा मोह टाळावा; एका चालविण्यात फीत तुटते आणि यंत्रही बिघडते.

आता जी साधने आज आपल्या हातात आहेत त्यांच्या स्वभावाकडे वळू. फोन, मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह यांत माहिती साठते ती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने. हा भार कोंडून ठेवलेला असतो. परंतु वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही तर तो हळूहळू झिरपून जातो, आणि उष्णतेत अधिक लवकर झिरपतो. तेव्हा पेन ड्राइव्ह ही टपालाची पिशवी समजावी, तिजोरी समजू नये. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना टेबलावरून पडली की बहुधा संपली. न पडताही तिला म्हातारपण येते. पाच-सहा वर्षांनी तिच्यावर एकटीवर विसंबून राहू नये. घरी जाळून घेतलेल्या सीडी आणि डीव्हीडी यांत रंगद्रव्याचा एक थर असतो, तो ऊन आणि उष्णता यांनी फिकटतो. शिवाय त्या वाचण्याची सोय नव्या संगणकांतून नाहीशी होत चालली आहे. अविनाशी असे यांत काहीच नाही, आणि दुकानदार एखाद्या वस्तूला तसे म्हणाला तर तो विक्री करीत आहे एवढेच ध्यानात घ्यावे.

मग उपाय काय? तो साधनाच्या मजबुतीत नाही, प्रतींच्या संख्येत आणि त्यांच्यामधील अंतरात आहे. अमेरिकेतील पीटर क्रोग या छायाचित्रकाराने आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक सोपा नियम सांगितला, तो आता जगभर पाळला जातो. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक घराबाहेर, दूर असावी. पहिली अट वस्तू बिघडण्याविरुद्ध आहे. दुसरी, एकाच जातीच्या वस्तूंत एकच दोष असण्याविरुद्ध. तिसरी आहे ती आग, पूर आणि चोर यांच्याविरुद्ध.

ही तिसरी अट लोकांना अनावश्यक वाटते. विशेषतः जयपूरसारख्या वाळवंटाच्या काठावरील शहरात राहणाऱ्याला पुराचे भय सांगितले तर तो हसेल. परंतु १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात असा पाऊस झाला की रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरले. रामसिंहांच्याच कारकिर्दीत, १८७६ मध्ये, या इमारतीची पायाभरणी झाली होती. तळघरात ठेवलेली इजिप्तमधील दोन हजार वर्षांहून जुनी ममी वाचविण्यासाठी कर्मचाऱ्यांना काचेची पेटी फोडावी लागली. ममी वाचली, संग्रहालयाच्या कार्यालयातील कागदपत्रे मात्र भिजून गेली आणि ती उन्हात वाळत घालण्याची वेळ आली. पुणेकरांना तर हे सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील घराघरांतून पाणी फिरले. त्या दिवसाच्या अलीकडचे एकही छायाचित्र ज्यांच्या घरात नाही अशी कुटुंबे पुण्यात आजही भेटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे तोच प्रकार झाला. अशा वेळी एक प्रत कपाटात आणि दुसरी त्याच कपाटाच्या खालच्या खणात असेल तर ती एकच प्रत होय.

आता हे घरी करावयाचे कसे? फोन तारेने संगणकाला जोडला की त्यात 'डीसीआयएम' नावाचा कप्पा दिसतो. कॅमेऱ्याने टिपलेले सारे त्यात असते. तो संपूर्ण कप्पा संगणकावर उतरवावा आणि वर्षवार लावावा. ही झाली पहिली प्रत. तीच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावी, ही दुसरी. फोनमधील साधे छायाचित्र तीन ते पाच मेगाबाइटांचे असते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन लाखांच्या आसपास चित्रे राहतील. एका कुटुंबाला हे पुष्कळ झाले. चित्रफिती मात्र फार जागा खातात. फोर-के म्हणतात तशा बारीक तपशिलाच्या चित्रफितीचे एकच मिनिट दोनशे ते चारशे मेगाबाइट होते. म्हणून नातवाच्या स्नेहसंमेलनातील अर्ध्या तासाचा नाच जपण्यापूर्वी त्यातील नातवाचा भाग कोणता, हे एकदा पाहिलेले बरे. काम झाले की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क ही स्वतंत्र प्रत राहत नाही; विजेचा एक धक्का किंवा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा एखादा दुष्ट प्रोग्राम दोन्ही एकदमच नेतो.

ज्यांच्या घरी संगणक नाही, आणि अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांनी फोनलाच जोडता येणारा पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यावर चित्रे काढून घ्यावीत आणि महिन्या-दोन महिन्यांत ती एखाद्या नातलगाच्या संगणकावर व डिस्कवर पोचवावीत. यात कमीपणा काही नाही. एके काळी गल्लीत एकाच घरी दूरध्वनी असे आणि सारी गल्ली त्यावर बोले.

तिसरी प्रत दूर कोठे ठेवावयाची, याचे उत्तर आपल्या कुटुंबपद्धतीत आयतेच आहे. कोणाची बहीण नागपुरास दिलेली असते, कोणाचा भाऊ इंदुरास असतो, मुलगा पुण्यास किंवा त्याहून दूर असतो. जयपुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाने दोन डिस्का कराव्यात. एक आपल्याजवळ, दुसरी पुण्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना ताजी डिस्क न्यावी आणि तिथली शिळी घेऊन यावी. पुढच्या वर्षी पुन्हा अदलाबदल. बहिणीचीही डिस्क आपण सांभाळावी. फार खासगी काही असेल तर डिस्कला परवलीचा शब्द घालता येतो. पण तो शब्द घरातील निदान दोघांना ठाऊक असावा.

दूरच्या प्रतीचा दुसरा मार्ग म्हणजे क्लाउड. दुसऱ्याच्या संगणकांवर भाड्याने घेतलेली जागा. ही सोय उत्तम आहे, कारण ती विसरत नाही. रात्री घर झोपले असता ती चित्रे वर पाठवीत राहते. मात्र तिच्याविषयी तीन-चार गैरसमज आहेत. पहिला, ती फुकट आहे हा. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता पंधरा गिगाबाइटांनंतर पैसे पडतात, आणि त्या पंधरांत आपली पत्रेही मोजली जातात. जागा भरली की वर जाणे मुकाट्याने थांबते आणि घरातील माणूस समजत राहतो की सारे चालू आहे. दुसरा गैरसमज अधिक घातक. फोन आणि क्लाउड हे पुष्कळदा एकमेकांचे आरसे असतात. जागा करण्यासाठी फोनमधून चित्र पुसले की आरशातूनही ते जाते. टोपलीत काही दिवस ते सापडते, नंतर सापडत नाही. जी व्यवस्था आपली चूकही इमानाने दुसरीकडे उतरवते, तिला राखीव प्रत म्हणता येत नाही. म्हणून क्लाउड असला तरी घरची डिस्क हवीच. आणि कंपनी कितीही मोठी असली तरी तीही चुकते. अमेरिकेतील मायस्पेस या एके काळच्या बलाढ्य संस्थेने २०१९ मध्ये कबूल केले की जागा बदलताना लोकांनी पूर्वी ठेवलेली छायाचित्रे, चित्रफिती आणि गाणी तिच्याकडून गमावली गेली.

व्हॉट्सॲपवर पाठविले म्हणजे चित्र जपले गेले, असे समजणारेही बरेच आहेत. तिथे नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र वाटेत आकसते. तेच चित्र पाच जणांकडून फिरून आले की लग्नातील नवरी ओळखू येईनाशी होते. चांगली प्रत पाठवावयाची तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. संगणकाच्या प्रतीचे खरे वैशिष्ट्य असे की ती मूळ वस्तूच्या तंतोतंत बरोबरीची असते. प्रतीची प्रत, तिची प्रत, शंभरावी प्रतही तितकीच स्वच्छ. टॅल्बटला किंवा रामसिंहांना हे भाग्य लाभले नव्हते. आपल्याला ते लाभले आहे आणि आपण ते पाठवापाठवीत घालवतो.

राखीव प्रत केली म्हणजे काम झाले असे नाही. ती उघडते की नाही हे पाहावे लागते. १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता कोणी तरी एक चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. घाबरण्याचे कारण नव्हते, राखीव प्रती होत्या. पण त्या काढून पाहिल्या तेव्हा कळले की प्रती करणारी व्यवस्थाच कित्येक आठवडे नीट चालत नव्हती आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या बाईंमुळे. त्यांच्या घरी तान्हे मूल होते, त्यामुळे त्या घरून काम करीत आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून कचेरीत नेण्यात आला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या फडताळातील डिस्क तीन वर्षे न उघडता ठीकच असेल असे धरून चालणे धाडसाचे होईल. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि हत्यारे पुसून त्यांची पूजा करण्याची चाल आहे. त्या दिवशी डिस्कही बाहेर काढावी, संगणकाला लावावी, निरनिराळ्या वर्षांतील दहा-वीस चित्रे आणि दोन-तीन चित्रफिती उघडून पाहाव्यात, वर्षभरातील नवे भरावे आणि हळदकुंकू वाहून पुन्हा ठेवावी. कुंकू अर्थात बाहेरच्या पेटीला.

जुन्या कागदी छायाचित्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे. काळी-पांढरी चित्रे चांदीची असतात आणि नीट ठेवली तर शंभर वर्षे सहज टिकतात; १९७० ते ९० च्या दरम्यानची रंगीत चित्रे मात्र अंधारात ठेवूनही तांबूस होत जातात, कारण त्यांतील निळा रंग आधी उडतो. म्हणून घाई करावयाची ती आजोबांच्या चित्रांची नव्हे, आईवडिलांच्या लग्नातील रंगीत चित्रांची. ती स्कॅन करताना इंचाला सहाशे बिंदू ठेवावेत. भिंतीवरील तसबिरीची काच न काढता तिच्यावर फोन धरून काढलेल्या चित्रात पूर्वजांपेक्षा दिव्याची नळीच ठळक येते. चिकट पानांच्या आल्बममधील चित्र सहज सुटत नसेल तर ओढू नये. पानासकट स्कॅन करावे. आणि उलट दिशेनेही काम करावे: वर्षातील वीस-पंचवीस निवडक चित्रे चांगल्या कागदावर छापून घ्यावीत. कागद पाहण्यासाठी वीज लागत नाही, परवलीचा शब्दही लागत नाही.

परवलीच्या शब्दाचा प्रश्न फार नाजूक आहे. घरातील कर्ता माणूस अकस्मात जातो, आणि दहा वर्षांची चित्रे त्याच्या फोनमध्ये, फोन त्याच्या अंगठ्याच्या ठशाने बंद. दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकता येईल असा गूगलचा नियम २०२३ मध्ये झाला. त्याच कंपनीने आपल्या पश्चात खाते कोणाला मिळावे हे आधी नोंदविण्याची सोय ठेवली आहे, ॲपलनेही २०२१ मध्ये तशी सोय केली. विम्याच्या कागदावर वारसाचे नाव घालताना आपण जितके सावध असतो तितकेच येथेही असावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि चित्रांना नावे द्यावीत. फोन आपण होऊन चित्राला जे नाव देतो ते आकड्यांचे असते. कप्प्यावर '२०१८-०५ सुमनची मुंज, सातारा' असे काही असले तर वीस वर्षांनीही ते चित्र शोधता येईल. अरे, मुलीची मुंज कशी, असे कोणी विचारील. तर सुमन हा मुलगाही असू शकतो, आणि असे प्रश्न पडतात म्हणूनच नुसते नाव न लिहिता कोणाचा कोण हेही लिहावे. रामसिंहांच्या काचांवर जनान्यातील कितीतरी स्त्रिया आहेत. खुर्चीवर किंवा गालिच्यावर बसलेल्या, मागे रंगविलेला पडदा, नजर थेट कॅमेऱ्याकडे. ज्यांना परक्याने पाहू नये असा त्या काळचा दंडक होता, त्यांचे चेहरे दीडशे वर्षे अगदी स्पष्ट राहिले. त्यांतील अनेकींची नावे मात्र आज कोणाला सांगता येत नाहीत. काच टिकली, पण काचेवर दिसणारी ही बाई कोण, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे गेली आणि ते कोणी लिहून ठेवले नव्हते.

कागदी चित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहावीत. बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या रविवारी दुपारी त्यांच्यासमोर जुना आल्बम उघडावा, शेजारी फोन आवाज टिपण्यासाठी लावून ठेवावा आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारीत जावे, ही कोण, हा कोणाचा, हे घर कुठले. आजी मध्येच भलतीकडे जाईल, आत्याच्या लग्नातील मानपानाचे भांडण सांगेल. तिला अडवू नये. ती फाईल त्याच वर्षाच्या कप्प्यात, त्याच चित्रांशेजारी ठेवावी, आणि तिच्याही तीन प्रती कराव्यात.